गार असताना

लुद्विकच्या गोठ्यात आता गाई नाहीत.
गव्हाणीत, गोणपाटावर, शेजारी शेजारी
दोन साखळी-करवती.
एक मोठी, नारिंगी, कडांचा रंग उडालेली,
मुठीवर त्याच्या पकडीचा गुळगुळीत खड्डा.
दुसरी लहान, पांढरी, सुनेनं हौसेनं घेतलेली,
कुंपणापलीकडे कधी न गेलेली.
मोठी तीनशे युरो, लहान एकशे ऐंशी.
"बघून घे," म्हणाला, आणि दाराशी जाऊन उभा राहिला,
पाठ माझ्याकडे.

माझं रान केवढं? अडीच हेक्टर,
इद्रियाच्या वरच्या उतारावर, मावशीकडून आलेलं.
स्प्रूस सालकिड्यांनी खाल्ले.
उरले बीच, काही मांडीएवढे, काही मनगटाएवढे.
वर्षाला लागतं नऊ घनमीटर लाकूड :
चूल, अंघोळीचं पाणी,
आणि एक खोली, जी मी उगाच गरम ठेवते.

शेजारच्या यर्नेयनं निघताना पढवलं होतं :
दोरी धरून करवत अधांतरी सोड.
धप्पकन खाली आली तर सिलिंडर गेला;
कुरकुरत, अडत अडत उतरली तर जीव आहे अजून.
सायलेन्सर काढ, टॉर्च मार,
दट्ट्याच्या अंगावर उभे ओरखडे शोध.
पेट्रोल हुंग. साखळीकडे बघू नकोस,
साखळी नवी मिळते; पट्टीची कड चाचपून बघ.
आणि सगळ्यांत आधी, नमस्काराच्याही आधी,
इंजिनवर हात ठेव.
गार पाहिजे.
आधीच तापवून ठेवलेलं यंत्र
विकणाऱ्याच्या बाजूनं बोलतं.

मी हातमोजा काढला.
लहान : गव्हाणीच्या दगडाइतकी गार.
मोठी : कोमट,
कुणी नुकतंच उठून गेलेल्या अंथरुणासारखी.

असं आहे तर, लुद्विक.
सव्वीस वर्षं तुझी पत्रं, तुझी पेन्शन,
मुलाची जर्मनीहून येणारी पार्सलं
मी पोस्टाच्या काचेखालून सरकवली,
आणि तू मला

पण आधी दोरी ओढून बघू म्हटलं.
मोठी खाली आली थांबत थांबत,
जिना उतरणाऱ्या जाडजूड पाद्र्यासारखी.
लहान जरा घाईनं, पण पडली नाही.
दट्ट्या दोघींचे स्वच्छ.
लहानीच्या टाकीत दोन हिवाळ्यांचं पेट्रोल,
वार्निशसारखा वास.
अकराव्या ओढीला खोकली, निळा धूर सोडला, सुरू झाली.
कार्बोरेटर धुवावा लागेल. धुवीन.

धूर दाराबाहेर गेला, त्याच्यामागे माझी नजर.
अंगणात लाकडं कापायची घोडी,
खाली तांबूस, ओला भुसा.
नासपतीचा ओंडका,
त्याची एकच चकती कापलेली, ताटाएवढी.
बाकीचा तसाच.

"सकाळी चालवली," तो बाहेर बघतच म्हणाला.
"तू येणार म्हणून नव्हे."
पुढचं मी विचारलं नाही.

मोठी उचलली. सात किलो, पट्टीसकट.
पाच मिनिटं हातात मिरवायला छान.
पण उतारावर, ओल्या पाल्यात, तिसऱ्या झाडापाशी
खांदा थरथरायला लागतो,
आणि मग कुठे कापायचं ते करवत ठरवते.
माझे दोन्ही पाय मला लागतात.

"लहान नेते."
त्यानं लगेच, जरा जास्तच लगेच,
वीस युरो कमी केले.
वर एक कानस दिली, लाकडी मुठीची,
फडक्यात गुंडाळून.

घरी आल्यावर कळलं, कानस जाड आहे.
हिच्या दातांच्या खोबणीत बसत नाही.
मोठीची आहे ती.
चुकून दिली असेल. किंवा यापुढे
तिला धार लावायची नाही, असं ठरवलं असेल.

गुरुवारी पेन्शनला येईल.
पैशांबरोबर काचेखालून सरकवीन,
काही न बोलता.